कोराच्या शेजारी जागा शोधताना: पश्चिम आफ्रिकेतल्या वादकासोबत पहिला अल्बम करणाऱ्यांसाठी

रेकॉर्डिंगच्या दुसऱ्याच दिवशी मी कोराखाली, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या तंतुवाद्याखाली, बेस गिटार टाकली. जिंगल्स आणि मराठी सिनेमाच्या गाण्यांचं संयोजन करण्यात पंधरा वर्षं गेलेली. खाली बेस, मधे पॅड, वर व्हायोलिनं ही हाताची सवयच. प्लेबॅक संपला तेव्हा आमचे कोरावादक काही बोलले नाहीत. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि दोनदा हलवून दाखवला. बेस ते आधीच वाजवत होते.

पुढचं सगळं त्या अंगठ्याभोवतीच फिरतं. पश्चिम आफ्रिकेतल्या पारंपरिक वादकाकडे तुम्ही जाता तेव्हा बेस, साथ, मुख्य सुरावट आणि मधल्या भराऱ्या हे सगळं त्याच्या दोन हातांत आधीच बसलेलं असतं. त्याच्या शेजारी बसायला जागा आहे का, आणि असली तर कुठे, हे शोधणं एवढंच संयोजकाचं काम. मी ते डाकारमध्ये शिकलो, दक्षिण सेनेगलमधल्या कासामान्स भागातल्या एका बुजुर्ग वादकासोबत. आपल्याकडे गवयाला म्हणतात तसं आम्ही त्यांना आपसात बुवा म्हणायचो. इथेही तेच म्हणतो.

आधी कोणाचं संगीत आहे ते ओळखा

'आफ्रिकन म्युझिक' हा शब्द पहिल्या भेटीत तोंडातून काढू नका. भारतीय संगीत म्हणून कुणी भांगडा आणि कर्नाटक संगीताची एकच मोट बांधली तर आपल्याला जसं वाटेल, तसंच त्यांनाही वाटतं. डाकारच्या वोलोफ लोकांचे सबार ढोल वेगळे, घानाची हायलाइफ गिटार वेगळी, लागोसचा अफ्रोबीट वेगळा. मी बोलतोय ते मांदे परंपरेबद्दल. माली, गिनी, गॅम्बिया, गिनी-बिसाऊ आणि कासामान्स हा तिचा मुख्य मुलूख. कोरा, न्गोनी (छेडून वाजवायचं लहान तंतुवाद्य) आणि बालाफोन (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) ही तिची मुख्य वाद्यं.

इथले वादक बहुधा जेली घराण्यातले असतात. फ्रेंचमध्ये त्यांना ग्रिओ म्हणतात. वंशावळ्या पाठ असणं, राजांचे पराक्रम गाणं, भांडणात मध्यस्थी करणं ही त्यांची पिढीजात कामं. आपला शाहीर, भाट आणि गोंधळी एकत्र केला तर थोडी कल्पना येईल, पण थोडीच. तेराव्या शतकातल्या सुन्जाता केइता या सम्राटाची गाथा त्यांच्यामुळेच आजपर्यंत पोचली. आडनावावरून घराणं कळतं: कुयाते, दियाबाते, सिसोको. मालीतले दियाबाते आणि गॅम्बियातले जोबार्ते हे मुळात एकच आडनाव, फ्रेंच आणि इंग्रज वळणाने लिहिलेलं. ही गोष्ट मला श्रेयनामावली लिहिताना कळली. तुम्हाला आधीच कळलेली बरी.

जाण्यापूर्वी महिनाभर ऐका. सालिफ केइता यांचा 1987 चा 'सोरो' घ्या. पॅरिसमध्ये सिंथेसायझर आणि ब्रास थरावर थर चढवून केलेला. मग तुमानी दियाबाते आणि अली फार्का तुरे यांचा 2005 चा 'इन द हार्ट ऑफ द मून'. बामाकोत नायजर नदीकाठच्या मांदे हॉटेलात सामान नेऊन, तालमी न करता ध्वनिमुद्रित झालेला. त्यानंतर बालाके सिसोको यांची कोरा आणि व्हिन्सेंट सेगाल यांचा चेलो असलेला 2009 चा 'चेंबर म्युझिक'. तीन अल्बम, तीन टोकं. आपल्याला कुठल्या टोकाला जायचंय ते ठरवून टाका, कारण बजेटपासून माइकपर्यंत सगळं त्यावर ठरतं. आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर मुंबईत वाढलेले, शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांचा 2000 सालचा 'आफ्रिकन फँटसी' ऐका. त्यात बेनिनच्या आंजेलिक किजो गायल्या आहेत.

पैशाचं आधी, सुरांचं नंतर

'आधी वाजवू, मग बघू' हे आपलं लाडकं वाक्य. परक्या मुलखात ते महागात पडतं, आणि बहुतेक वेळा वादकाला.

पहिल्या दोन दिवसांत तीन गोष्टी कागदावर आणा. एक, वाजवण्याचा मेहनताना, आणि त्यातला निम्मा तरी आगाऊ. दोन, विक्री आणि स्ट्रीमिंगमधला हिस्सा, टक्क्यांत. तीन, प्रत्येक गाण्याचं रचनाकार म्हणून नाव कोणाचं. गोची तिसऱ्यात असते. कोराच्या पारंपरिक चिजा शेकडो वर्षांच्या, त्यांचा एक मालक नाही. म्हणून बाहेरचा संयोजक कधीकधी सहज 'संगीत' या रकान्यात स्वतःचं नाव टाकून मोकळा होतो. हे करू नका. 'पारंपरिक, मांडणी अमुक' असं लिहा आणि ते 'अमुक' वादक असू द्या. तुम्ही व्हायोलिनच्या चार ओळी लिहिल्यात म्हणून चीज तुमची होत नाही. नव्याने बसवलेल्या रचनेत खरोखर अर्धा वाटा असेल तर मात्र अर्धा घ्या, संकोच नको.

करार भारतात करणार असाल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं एकोणिसावं कलम वाचून ठेवा. हक्क सोपवण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दोन्ही स्पष्ट लिहा. रचनांची नोंदणी तुम्ही इथे आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे, कराल. वादकाची संस्था त्याच्या देशाची असते: सेनेगलमध्ये सोदाव्ह, मालीत बुम्दा. तो तिथला सभासद आहे का ते विचारा. नसेल तर त्याच्यासोबत जाऊन अर्ज भरा. आमचा अर्धा दिवस त्यात गेला. आयपीआरएसच्या माझ्या पहिल्या अर्जापेक्षा तो बरा गेला, एवढंच सांगतो.

करार फ्रेंचमध्येही हवा, आणि वादकाच्या घरातल्या शिकलेल्या एखाद्या पोराने तो त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायला हवा. तुमच्या दुभाष्याने नव्हे.

कुठे, कधी, कसं

जागा शक्यतो त्याची निवडा. परदेशी स्टुडिओत वादक पाहुण्यासारखा वाजवतो. शिवाय व्हिसाचा भरवसा नसतो. 1996 मध्ये हवानात मालीच्या दोन वादकांना घेऊन एक अल्बम ठरला होता. ते पोचूच शकले नाहीत, म्हणून तिथल्याच जुन्या क्यूबन कलावंतांना बोलावलं, आणि त्यातून 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' जन्माला आला. मूळ बेत 'अफ्रोक्युबिझम' या नावाने बाहेर यायला 2010 उजाडलं. त्यांचं नशीब थोर होतं. तुमचं तसं असेलच असं नाही.

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, आणि पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. परतताना ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. वादकाला इकडे आणणार असाल तर हाच नियम त्यालाही लागू.

तारखा ठरवताना पाऊस टाळा. डाकारमध्ये तो साधारण जुलै ते ऑक्टोबर. रमजान, तबास्की म्हणजे बकरी ईद, आणि तूबा या पवित्र शहराची मोठी यात्रा मागाल या तारखा दरवर्षी सरकतात, त्या आधी विचारून घ्या. मागालच्या आठवड्यात निम्मं शहर तूबाच्या रस्त्याला लागलेलं असतं. वादक तर सोडाच, टॅक्सी मिळणार नाही.

कोरा विमानाने न्यायची असेल तर टणक पेटी हवीच. बालाके सिसोको यांची कोरा 2020 मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसला सुट्या तुकड्यांत पोचली होती.

सूर लावणं

कोराला 21 तारा: डाव्या हाताला 11, उजव्याला 10. वाजवायला फक्त दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. अर्ध्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणलेलं. बुवांनी माझ्या फोनवर तंबोऱ्याचा फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो भोपळ्याचा: कुठे पिकतो? मी सांगितलं, मिरजेचे कारागीर पंढरपूरकडून आणतात. त्यानंतर आमचं बरं जमलं.

कोराचा सा बहुधा पांढरी चारच्या आसपास असतो, पण 'आसपास' या शब्दाला इथे वजन आहे. पट्ट्यांना नावं आहेत: सिलाबा, सौता, हार्दिनो, तोमोरा मेसेंगो. सिलाबा जवळपास आपल्या बिलावल थाटासारखा लागतो. सौतामध्ये मध्यम चढा, म्हणजे कल्याण थाटाची आठवण होणार. तेवढ्यावर 'अरे, हा तर यमन!' म्हणून उड्या मारू नका. मी मारल्या. स्वर तेच वाटतात, पण गांधार आणि निषाद कीबोर्डच्या गांधार-निषादाच्या जागी नसतात, आणि रागाचं चलन तर कुठेच नसतं.

रोज सकाळी पहिल्या चहानंतर एकवीसच्या एकवीस तारा एकेक करून छेडून रेकॉर्ड करा. दोन मिनिटांचं काम. ही दिवसाची पट्टी. नंतर व्हायोलिन, कीबोर्ड, काय लावायचं ते या पट्टीला लावा, ट्यूनरच्या ठरलेल्या 440 हर्ट्झला नाही. कीबोर्ड असेल तर त्याचे स्वर सेंटच्या (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागाच्या) हिशोबाने खाली-वर करता येणारं सॉफ्टवेअर वापरा. कोराला कीबोर्डशी जुळवून घ्यायला सांगणं म्हणजे गवयाला पेटीच्या मागे धावायला लावणं.

कातडं हवामानाचं गुलाम. डिसेंबरनंतर सहारातून हरमतान वारा सुटतो, हवा कोरडीठाक होते आणि कातडं ताणलं जातं. पावसाळी हवेत ते सैलावतं. तबलजीला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे एसी लावू नका, किंवा लावलात तर दिवसभर एकाच तापमानाला ठेवा. आणि गाण्यांचा क्रम पट्टीप्रमाणे आखा: सिलाबातली सगळी आधी, मग सौता. जुन्या धाटणीच्या कोरात तारा चामड्याच्या कड्यांनी लावतात, कडं सरकवून. दोन गाण्यांच्या मधे पट्टी बदला म्हणालात तर तास जातो, आणि बदललेल्या तारा संध्याकाळपर्यंत उतरत राहतात.

सम कुठे आहे?

आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो, कारण आपल्याला वाटतं की तालातलं आपल्याला कळतं.

एका चिजेत अंगठ्याचा खर्ज दर आवर्तनात एकदा ठासून येत होता. मी त्याला सम धरली आणि रात्री बसून अख्ख्या गाण्याच्या व्हायोलिनच्या ओळी लिहिल्या. सकाळी वाजवून बघितलं तर सगळं कसं लंगडत होतं. ना चूक सापडे ना मजा येई. मग कलाबाश (भोपळ्याचं तालवाद्य) वाजवणाऱ्या मुलाची बहीण दारात उभी होती, ती नाचायला लागली. तिचा पाय माझ्या समेवर पडतच नव्हता! मी ज्याला सम म्हणत होतो ती समेच्या एक मात्रा आधीची उचल होती.

तेव्हापासूनचा माझा नियम: वाद्याकडे बघू नका, पायाकडे बघा. वादकाचा पाय, नाचणाऱ्याचा पाय, टाळी देणाऱ्या बाईचा हात. ते नसतील तर वादकाला विचारा, 'टाळी कुठे?' तो दाखवेल तीच सम, कानाला पटो न पटो.

बारा मात्रांच्या चक्रात तीन-तीनाचे चार गट आणि चार-चाराचे तीन गट एकाच वेळी चालू असतात. 'दादरा आहे की केहरवा?' असा निर्णय मागू नका. निर्णय न देण्यातच मजा आहे. घाना, बेनिन, नायजेरियाच्या बाजूला घंटेचा एक प्रसिद्ध नमुना आहे: बारांपैकी 1, 3, 5, 6, 8, 10 आणि 12 वर ठोका. तो तोंडाने म्हणत पायाने चार ठेके धरायचे, आठवडाभर, रोज दहा मिनिटं. मांदे संगीतात हाच नमुना सापडेल असं नाही, पण कान सैल होतात.

क्लिकचं (ठरलेल्या वेगाच्या टिकटिकीचं) काय? शक्यतो नको. ही गाणी पुढे सरकत वेग घेतात आणि तो वेग गाण्याचाच भाग असतो. आमचं एक गाणं मिनिटाला 92 ठोक्यांवर सुरू होऊन 99 वर संपलं. क्लिकवर घेतलेला टेक ऐकला तर सातबाराच्या उताऱ्यासारखा: सगळं बरोबर आणि वाचवत नाही. अगदीच लागला तर मेट्रोनोमची टिकटिक देऊ नका. परंपरेत दुसरा माणूस कोराच्या भोपळ्यावर बोटांनी ठेका धरतोच. तो ठेका वेगळा रेकॉर्ड करून हेडफोनमध्ये द्या.

रेकॉर्डिंग

आम्ही डाकारच्या योफ भागात समुद्राजवळ एक घर भाड्याने घेतलं. खिडक्यांना गाद्या, फ्रिज बंद, पंखे बंद. गच्चीवरच्या मेंढ्यांचं मात्र काही करता आलं नाही. डाकारमध्ये गच्चीवर मेंढ्या पाळतात आणि त्या अल्बममध्ये आहेत, चौथ्या गाण्याच्या शेवटी, कान देऊन ऐकलंत तर.

माइक कुठे ठेवायचा? कोराच्या तारा वादकाकडे तोंड करून असतात आणि भोपळ्याची फुगीर पाठ श्रोत्यांकडे. त्यामुळे गिटारसारखा समोरून माइक लावला की मिळते ती पाठ. एक लहान कंडेन्सर माइक वादकाच्या खांद्याच्या बाजूने घोडीकडे रोखून, साधारण हातभर अंतरावर. दुसरा बाजूच्या भोकाकडे, जरा लांब. त्यातून खर्ज येतो. याच भोकात लोक बिदागीच्या नोटा सरकवतात. रेकॉर्डिंगआधी आत काही राहिलंय का बघा. आमच्या एका टेकमधली गूढ खरखर पाचशे फ्रँकच्या नोटेची निघाली.

पण प्रत्येक खरखर घालवायची नसते. बालाफोनच्या पट्ट्यांखालच्या भोपळ्यांना भोक पाडून त्यावर कोळ्याच्या अंडकोशाचा पातळ पापुद्रा चिकटवतात, हल्ली कधी प्लास्टिकही. कोराच्या घोडीवर कधी झणझणणारा पत्रा लावतात. हे मुद्दाम. ही त्यांची जवारी. आमच्या साउंड इंजिनिअरने पहिल्या दिवशी ती इक्यू लावून साफ केली आणि मोठ्या अभिमानाने ऐकवली. तंबोऱ्याची जवारी काढली तर उरतं काय?

सगळ्यांना एका खोलीत बसवा. वादकांचे वेगवेगळे ट्रॅक, त्यांचं नंतरचं डबिंग, पंचिंग (चुकलेला तुकडा पुन्हा वाजवून जोडणं) हे पहिल्या अल्बमला टाळा. माइकांत एकमेकांचे आवाज घुसतील, घुसू देत. फक्त गाणाऱ्या बाईंना जरा लांब बसवा. जेली गायिकांचा आवाज अंगणापार पोचायला घडवलेला असतो, आणि माइकपासून चार फुटांवरूनही तो मीटर लाल करतो. टेक सुरू झाला की थांबवू नका. अकरा मिनिटं चालला तरी नाही. चुकलं असं तुम्हाला जिथे वाटेल तिथे बहुधा तुमचं चुकलेलं असतं.

आठ माइक, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ म्हणजे तासाला साधारण चार जीबी. सहा दिवसांत शंभर जीबीच्या घरात. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या बॅगांत, दोन वेगळ्या माणसांकडे.

आणि अताया. हिरवा चहा, पुदिना, साखर, कोळशाची शेगडी, तीन फेऱ्या. पहिली कडू, पुढच्या गोड होत जातात, आणि सगळं व्हायला तास सहज लागतो. वेळापत्रकात तो लिहूनच टाका. मी पहिले दोन दिवस घड्याळ बघत बसलो. आमच्या सातपैकी चार गाण्यांची मांडणी दुसऱ्या आणि तिसऱ्या पेल्याच्या मधे ठरली आहे.

संयोजन, म्हणजे मुख्यतः न घालणं

आता खरं काम. रेकॉर्डिंग ऐकत प्रत्येक गाण्याचा नकाशा काढा. मुखडा-अंतरा-मुखडा शोधू नका, सापडणार नाही. मांदिंका भाषेतले चार शब्द मात्र उपयोगी पडतात. कुमबेंगो म्हणजे फिरत राहणारा पाया. बिरिमिंतिंगो म्हणजे पायावरून सुटलेली झरझर उतरती तान. दोंकिलो ही गायची ठरलेली ओळ. आणि सातारो म्हणजे गायक बोलल्यासारखा, आठवेल तसं पठण करतो तो भाग. कागदावर वेळेप्रमाणे हे चार रंग भरा.

माझा ढोबळ हिशोब असा. तुमचं वाद्य कुमबेंगोवर आत येऊ शकतं. दोंकिलोला उत्तर देऊ शकतं, पण एखाददुसऱ्याच वेळी. बिरिमिंतिंगोत गप्प. सातारोत तर श्वासही नाही.

जागा सुरांच्या उंचीत आहे का? फारशी नाही. कोरा 87 हर्ट्झच्या खर्जापासून 880 च्या आसपास, तीन सप्तकांहून जास्त जागा व्यापून बसते. पण कोराचा सूर छेडला की विरतो, टिकत नाही. जागा मिळते ती टिकण्यात. चेलो, सारंगी, व्हायोलिन, बासरी, नाही तर माणसाचा आवाज: ओढून धरता येणारं वाद्य तिच्याशेजारी बसतं, ते सेगाल यांच्या चेलोत ऐकू येतंच. उलट गिटार, संतूर, पियानो ही तीही छेडून विरणारी. कोराच्या अंगावर पडतात. बसवता येतात, पण पहिल्या अल्बमला नको.

तंबोरा घालायचा मोह होईलच. भारतीय संयोजक, परदेशी वाद्य, मागे तंबोरा हे समीकरण डोक्यात घट्ट बसलेलं. पण पुष्कळशा कुमबेंगोंत ओढ एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकते आणि परत येते. तिथे षड्ज-पंचम धरून ठेवला की सरकणंच मरतं. कॉर्ड्सचं दुखणं याच्या उलट: सरकणं इतकं उघड करून सांगतात की चीज चर्चमधल्या गाण्यासारखी वाटू लागते. मी मधला मार्ग काढला. व्हायोलिनने एकच स्वर धरायचा, दोन्ही टोकांना चालेल असा, आणि तोही आवर्तनाच्या अर्ध्यातच सोडून द्यायचा.

तबल्याचं सांगायला मला वाईट वाटतं. आमचा तबलजी उत्तम. पण कलाबाश म्हणजे पालथा घातलेला अर्धा भोपळा, मुठीने आणि बोटांत घातलेल्या अंगठ्यांनी वाजतो. त्याचा 'धम' आणि डग्ग्याचा 'घे' एकाच पाटावर बसायला बघतात. चाटीचे बारीक बोल कोराने मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या फटी भरून टाकतात. अल्बममध्ये शेवटी तबला एकाच गाण्यात उरला, जिथे कलाबाश नव्हता. तबलजीने महिनाभर फोन उचलला नाही.

एक सोपी चाचणी. तुमचा ट्रॅक बंद करून गाणं ऐका. काही हरवल्यासारखं वाटलं तर ट्रॅक ठेवा. नुसतं 'रिकामं' वाटलं तर काढा. रिकामं तुम्हाला वाटतंय, गाण्याला नाही. अठ्ठावीस ट्रॅक नेले होते, नऊ उरले.

शब्द

गाणी मांदिंका, बाम्बारा किंवा वोलोफमध्ये असतात. भाषांतर आधी करून घ्या, एडिटिंगच्या आधी. मी उलट केलं.

सहाव्या गाण्यात एक लांब सातारो होता. मला तो रेंगाळलेला वाटला, म्हणून पुण्यात मिक्स करताना त्यातल्या आठ ओळी कापल्या. जोड इतका बेमालूम की मीच खूश. फाइल पाठवली. दोन दिवसांनी बुवांचा फोन आला, पुतण्या मधे दुभाषा. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, 'सगळं छान आहे. फक्त तू माझ्या आजोबांना काढून टाकलंस.'

त्या आठ ओळी नावांच्या होत्या. कोणी कोणाकडून कोरा शिकली, कोणी कोणाला गाढव आणि धान्य दिलं, कोणाच्या दारात ते घराणं वाढलं. जेलीच्या दृष्टीने गाणं त्या नावांसाठीच असतं. सुरावट ही त्यांची पालखी. ओळी परत जोडल्या. गाणं आता नऊ मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे.

म्हणून शब्द लिहून घ्या, ओळीनुसार अर्थ घ्या, आणि कुठली नावं कोणाची ते विचारा. आश्रयदात्याचं नाव असेल तर तो हयात आहे का, आणि अल्बमात त्याचं नाव येणं घरच्यांना चालेल का, हेही. वादक सांगेल तसं. तुम्हाला मत नाही.

मिक्स, नावं आणि पाठवणी

मिक्सिंगबद्दल थोडंच. रिव्हर्ब कमी. बिरिमिंतिंगो पुढे आणायला व्हॉल्यूम चढवू नका, वादकाने तो हातानेच चढवलेला असतो. मोनोमध्ये आणि फोनच्या स्पीकरवर ऐका. मास्टरिंगला देण्याआधी पूर्ण अल्बम वादकाच्या घरी, घरच्यांसमोर वाजला पाहिजे. नुसती लिंक पाठवून 'ओके' मागवणं म्हणजे ऐकवणं नव्हे.

नावांची स्पेलिंगं त्यांच्या ओळखपत्रावरून घ्या, आठवणीतून नको. प्रत्येक गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची ओळख असलेला बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक वादकालाही लिहून द्या, नाही तर त्याच्या संस्थेकडे पैसे अडकतात. मुखपृष्ठावर त्याचं नाव तुमच्या आधी. मल्टिट्रॅकची, म्हणजे सगळ्या सुट्या ट्रॅकची, एक पूर्ण प्रत त्याच्याकडे: उद्या त्याला तुमची व्हायोलिनं काढून ऐकावंसं वाटलं तर ऐकता आलं पाहिजे.

शेवटची गोष्ट, जी मला कुठल्याही करारात लिहायला सुचली नव्हती. अल्बम स्ट्रीमिंगवर चढला म्हणून बुवांच्या गावात पोचत नाही. तिथे गाणं टॅक्सीत वाजतं आणि टॅक्सीत पेनड्राइव्ह चालतो. पंचवीस भरून नेले होते. पहिल्याच संध्याकाळी संपले, आणि अंगणात आणखी सात ड्रायव्हर थांबले होते.